तिथीची पाऊणपट आणि दहा लिटर पांढरा

संपादकांनी यंदा विषय दिला ‘भिंत’. माझ्या वाट्याला त्यातला पोटविषय आला: उघड्यावरची भिंत थोड्या पैशांत, गावाच्या जोरावर रंगवायची तर काय काय लागतं? मुंबईत बसून याचं उत्तर देणं सोपं आहे. तिथे रंगाच्या कंपन्या, जाहिरातवाले, कलामहोत्सव भरवणारे, सगळे हाताशी असतात. म्हणून भर पावसात भाऊच्या धक्क्यावर लाँच धरली आणि मोऱ्याला उतरलो. भिंतीची खोड पावसातच कळते. दिवाळीत सगळ्याच भिंती शहाण्या दिसतात.

मोरा हे उरणचं बंदर. समोर घारापुरी, पलीकडे मुंबई. उरण आज वेगळा तालुका असला तरी इंग्रजी अमदानीत तो पनवेलचाच पोटविभाग होता. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल या दोन्हींचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. तरी लाँच चालते, आणि तिचं वेळापत्रक घड्याळाइतकंच समुद्रही ठरवतो. बंदरात गाळ साठतो, मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही आणि तिकीटघरासमोर माणसं ताटकळतात. ही गोष्ट पुढे कामाची आहे.

होडीचा रंग भिंतीला नको

१ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळीवाड्यात हे दोन महिने डागडुजीचे. होड्या ओढून वर घेतलेल्या, त्यांची बुडं खरवडलेली, फटींत नवा कापूस ठोकलेला. मग रंग चढतो. निळा, लाल, पिवळा, हिरवा. काठाला पांढरी पट्टी, नाळेवर देवाचं नाव. पूर्वी लाकडाला मुशीच्या काळजाचं तेल चोपडत, आता तेलरंगाचे डबे येतात. रंगसंगतीचं शिक्षण कुणी घेतलेलं नसतं, पण चारच भडक रंगांत दुरून ओळखू येईल असं काही उभं करायचं कसब इथे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. नारळी पौर्णिमेच्या आधी बंदरात जाऊन पाहावं.

साहजिकच गावात भिंत रंगवायची टूम निघाली की पहिली सूचना येते: होडीचे उरलेले डबे आहेत, तेच वापरू. फुकटात काम होईल. होत नाही. सिमेंटचा गिलावा क्षारधर्मी असतो. तेलरंगातल्या तेलाशी भिंतीतला ओला क्षार भिडला की तीच क्रिया होते जी साबणाच्या कारखान्यात होते. रंगाचा खालून साबण बनतो, चिकट होतो, फुगतो आणि पापुद्र्यांनी सुटतो. शिवाय तेलरंगाचा थर भिंतीला श्वास घेऊ देत नाही. आतला ओलावा बाहेर यायला वाट शोधतो आणि रंगालाच ढकलून देतो. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांच्या भिंतींवर कमरेइतक्या उंचीचा तेलरंगाचा पट्टा असतो. धुता येतो म्हणून तो देतात. पावसाळ्यानंतर तिथे फोड आलेले दिसतात ते यामुळेच. होडीचे डबे दारं, खिडक्या, लोखंडी फाटक यांना वापरा. भिंतीला पाण्यात मिसळणारा बाहेरचा ॲक्रिलिक रंगच हवा. दुकानात ‘एक्स्टीरिअर इमल्शन’ म्हणून मागतात तो.

आधी भिंत वाचा

रंगकाम करणारी माणसं भिंतीवरून हात फिरवतात. हाताला पांढरी भुकटी लागली तर जुना चुना किंवा सिमेंटचा रंग सुटतो आहे. त्यावर मारलेलं सगळं त्याच्याबरोबर गळणार. पायाशी पांढरं, पिठासारखं फुललेलं दिसलं तर लोणा. खाऱ्या हवेच्या गावात लोणा सगळीकडे असतो, पण कमी-जास्त असतो. बांधकामात खाडीची रेती पडली असेल तर तो आयुष्यभर बाहेर येत राहतो. हिरवं-काळं असेल तर शेवाळ आणि बुरशी, त्याला इलाज आहे. मागे माती भरलेली संरक्षक भिंत असेल तर मात्र हात जोडून पुढे जावं. मातीतलं पाणी वर्षभर चित्राच्या पाठीवर बसलेलं असतं.

दिशासुद्धा पाहायची. आपल्याकडे पाऊस नैऋत्येकडून येतो आणि दुपारचं ऊन पश्चिमेकडून. दोन्ही अंगावर घेणारी भिंत सर्वांत लवकर फिकी पडते. उत्तरेला किंवा पूर्वेला तोंड असलेली, वर छज्जा किंवा निदान पत्र्याची झड असलेली भिंत मिळाली तर निम्मा खर्च वाचला असं समजावं. दर्शनी भिंत नेमकी पश्चिमेची असते आणि पुढाऱ्यांना तीच हवी असते. भांडण तिथेच करून घ्यावं.

मग प्रश्न मालकीचा. बंदरावर एकेक भिंत एकेका खात्याची: धक्का मेरीटाइम बोर्डाचा, रस्त्याकडची कुठली नगरपालिकेची, शाळेची शिक्षण विभागाची, मधली कुणाच्या घराची. महाराष्ट्रात मालमत्तेच्या विद्रूपणाला आळा घालणारा १९९५ चा कायदा आहे. चित्र कितीही सुंदर असो, लेखी परवानगी नसेल तर कायद्याच्या लेखी ते विद्रूपणच. अर्जासोबत रंगीत आराखडा जोडावा, कारण साहेब आधी तोच पाहतात. निवडणुकीच्या तोंडावर काम काढू नये. आचारसंहितेत घाईघाईने चुना फासणाऱ्याला पक्षाचं चिन्ह आणि कमळावर बसलेली सरस्वती यांत फरक करायला वेळ नसतो.

बादलीतलं गणित

आता पैसे. समजा भिंत चाळीस फूट लांब, आठ फूट उंच: ३२० चौरस फूट. बाहेरचं इमल्शन दोन हात मिळून लिटरला साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीला सहा लिटर. त्याआधी प्रायमर तीन-चार लिटर. चित्राचे रंग भिंतीचा अर्ध्याहून थोडा अधिक भाग व्यापतात, त्यांना चारेक लिटर. दहा लिटरची पांढऱ्याची बादली आणली तर सहा लिटर पार्श्वभूमीला जातात आणि चार उरतात. फिके रंग त्या चारातूनच काढायचे.

ते काढायला स्टेनर. शंभर मिलिच्या छोट्या बाटल्यांत येणारं हे घट्ट रंगद्रव्य पांढऱ्यात घोटलं की आकाशी, फिका पिवळा, गुलाबी, पोपटी घरच्या घरी तयार होतात. पण त्याला मर्यादा आहे. बाटलीवर प्रमाण छापलेलं असतं, ते ओलांडलं की रंग नीट वाळत नाही आणि पहिल्या सरीत ओघळतो. पांढऱ्यात कितीही लाल ओतलं तरी गुलाबीच होणार, रक्तासारखा लाल होणार नाही. गडद रंग हवा असेल तर त्या छटेचा एकेक लिटर दुकानातून यंत्रावर बनवून घ्यावा. असे दोन-तीनच घ्यावेत. साध्या आणि महागड्या इमल्शनच्या दरात दुपटीचा फरक असतो. माझं मत असं की पार्श्वभूमी साध्याची करावी आणि हे दोन-तीन गडद डबे चांगल्यातले घ्यावेत, कारण ऊन आधी गडद रंगांनाच खातं.

सगळे रंग सारखे टिकत नाहीत हे रंगाच्या दुकानात सहसा कुणी आपणहून सांगत नाही. झगझगीत लाल, लिंबाचा पिवळा, राणी हे उन्हात झपाट्याने उडतात. लोहाच्या ऑक्साइडचे रंग, म्हणजे गेरू-काव, पिवळी माती आणि काळा, हे वर्षानुवर्षं राहतात आणि तेच सर्वांत स्वस्त. निळ्यांत ‘थॅलो’ जातीचा निळा चांगला टिकतो. कोकणातल्या जुन्या घरांच्या भिंतींना पायाशी हातभर कावेचा पट्टा असायचा, तो काही केवळ शोभेला नव्हता. पागोळीचा चिखल तिथेच उडतो, ओल तिथूनच चढते. तोच पट्टा आजच्या चित्रालाही द्यावा. खालचा एक फूट सपाट गेरू, त्यात चित्र नाही. दरवर्षी तेवढाच परत मारला की भिंत नवी दिसते.

प्रायमर, बादली, तीन गडद डबे, स्टेनर, भेगा भरायचं मिश्रण, ब्रश-रोलर, ब्लीचिंग पावडर असं सगळं धरून माझा अंदाज साडेसहा-सात हजारांचा येतो. दुकानागणिक थोडा खाली-वर. मजुरी यात नाही, ती गावाने घालायची. हीच भिंत ठेकेदारामार्फत चौरस फुटाच्या दराने केली तर रक्कम कितीतरी पटींनी वाढते, आणि बहुतेक वेळा वाचवलं जातं ते धुणं-घासणंच. तेच तर वाचवायचं नसतं. शेवाळावर ब्लीचिंगचं पाणी मारून ते मुरू द्यायचं, तारेच्या ब्रशने घासायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, मग पूर्ण सुकू द्यायचं. लोणा कोरडाच झाडायचा. पाण्याने धुतला तर तो विरघळून परत आत जातो. नवा गिलावा असेल तर महिनाभर त्याला हात लावू नये. सात दिवसांच्या कामातले चार दिवस यात गेले तर काम बरोबर चाललं आहे.

वरून पारदर्शक थर द्यावा का, असं प्रत्येक जण विचारतो. स्वस्तातल्या कामात देऊ नये. चांगला पारदर्शक थर रंगाइतकाच महाग पडतो, हलका काही काळाने पिवळा पडून सुटतो आणि त्याखाली दुरुस्ती करता येत नाही.

इतरांच्या भिंती

मुंबईत याचे प्रयोग बरेच झाले. २००९ मध्ये माहीमच्या बाजूच्या सेनापती बापट मार्गावर, रेल्वेच्या लांबच लांब भिंतीवर, ‘वॉल प्रोजेक्ट’च्या हाकेला लोक आपापले ब्रश घेऊन आले. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘हमारा स्टेशन, हमारी शान’ म्हणत हजारो स्वयंसेवकांनी आठवडाभरात उपनगरी रेल्वेची तीसहून जास्त स्थानकं रंगवली. २०१७ मध्ये ‘चल रंग दे’ या गटाने घाटकोपरजवळची असल्फ्याची टेकडीवरची वस्ती रंगवली. मेट्रोच्या खिडकीतून ती अचानक रंगीबेरंगी दिसू लागली आणि लोक फोटो काढायला उतरू लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘स्टार्ट इंडिया’ने ससून डॉकच्या गोदामांत आणि भिंतींवर प्रदर्शन मांडलं, मासळीच्या वासासकट.

मला यापेक्षा भिलार जवळचं वाटतं. महाबळेश्वर तालुक्यातलं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ झालं. त्याआधी ठाण्याच्या ‘स्वत्व’ संस्थेच्या कलाकारांनी तिथल्या घरांच्या भिंती रंगवल्या. ज्या घरात ज्या प्रकारची पुस्तकं, त्या घरावर त्याला साजेसं चित्र. म्हणजे भिंत पाटीचं काम करते. चित्र पाहून वाचक दार ठोठावतो. पाऊस महाबळेश्वरचा, तेव्हा टिकण्याचं संकट मोऱ्यापेक्षा मोठंच, पण घरमालकाला त्या चित्राची गरज आहे.

याच्या उलट उदाहरणं रस्तोरस्ती आहेत. स्वच्छ सर्वेक्षणाचं पथक यायच्या आधी नगरपालिका झटपट भिंती रंगवून घेतात. २०२० मध्ये ‘माझी वसुंधरा’ अभियान सुरू झाल्यावर त्यांत पंचतत्त्वांची भर पडली. पृथ्वीला दोन हात, हातांत रोपटं, बाजूला कचऱ्याचे दोन डबे आणि एक घोषणा. चित्रकाराचा दोष नाही. त्याला चौरस फुटावर पैसे मिळतात आणि मोबाइलवर नमुना दाखवला जातो. पथक गेलं की त्या भिंतीकडे पाहण्याचं कारण कुणालाच उरत नाही, रंगवून घेणाऱ्यालाही. वर्षभरात तिच्यावर क्लासची जाहिरात चिकटते.

सर्वांत स्वस्त भित्तिचित्राची परंपरा तर आपल्या उत्तर कोकणातच आहे. वारली घरात लग्नाचा चौक लिहायचा तो सवाष्ण बायकांनी. कुडाच्या भिंतीवर शेणमाती आणि गेरू, वर तांदळाच्या पिठाचं पाणी, ब्रश म्हणजे टोक ठेचलेली बांबूची काडी. मध्ये पालघट देवी. ते चित्र टिकावं अशी अपेक्षाच नव्हती. पुढच्या लग्नाला पुन्हा लिहायचं. जिव्या सोमा मशे यांनी ते १९७० च्या दशकात कागद-कापडावर नेलं आणि जगभर पोचवलं; २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज शहरातल्या प्रत्येक उड्डाणपुलाखाली वारली तारपावाले नाचताना दिसतात. दोन रंगांत भागतं म्हणून ठेकेदारांना ते आवडतं. मोऱ्याच्या कोळीवाड्यात तारपावाले काढायचं मात्र काही कारण नाही.

मग काय काढायचं?

टोपली घेतलेली कोळीण, मागे शिडाची होडी, मावळता सूर्य हे चित्र डोळ्यांपुढे लगेच येतं. गावातल्या बायकांनाच विचारलं तर त्या हसतील. शिडाची होडी बंदरात कुणाचीही नाही.

माझी सूचना वेगळी आहे. मोऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला एकच माहिती हवी असते: आज पाणी कधी? आणि ती काढायची रीत दर्यावर्दी माणसांना पाठ असते. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सकाळी आणि संध्याकाळी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. त्यानंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. हे काही मिनिटांपर्यंत बिनचूक नसतं, पण भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते हे चंद्राचं गणित त्यात पुरतं बसलेलं आहे.

आता हेच गणित लाँचला लावून पाहा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्तीत जास्त चढतं आणि जास्तीत जास्त उतरतं. भरती दुपारी सव्वाअकरा-बाराला, तर तळाची ओहोटी संध्याकाळी साडेपाच-सहाला. नेमकी मुंबईहून घरी परतायची वेळ. भांगाच्या दिवसांत, अष्टमी-नवमीला, पाणी फार उतरतच नाही, तेव्हा अडचण कमी. गाळ आणि लाँच यांचं भांडण महिन्यात दोनदा कशामुळे पेटतं ते एका भिंतीवर मांडता येईल.

चित्र म्हणूनही ते स्वस्तात बसतं. पंधरा वर्तुळं, चंद्राच्या पंधरा कला. खिळा, सुतळी आणि खडू एवढ्यावर वर्तुळ निघतं, चित्रकार लागत नाही. प्रत्येक वर्तुळाखाली भरतीचा आकडा. खालून पाण्याची एक रेघ, उधाणाला उंच आणि भांगाला चपटी. त्या पाण्यात गावची मासळी: बोंबील, मांदेली, कोळंबी, चिंबोरी, निवटी, जिताडा. निळा, गेरू, पिवळी माती, काळा, पांढरा. बस्स, पाच रंग. बंदरावर लाँचची वाट पाहणाऱ्याला वाचायला काहीतरी, आणि शाळेतल्या मुलांना पाऊणकीच्या पाढ्याचा जिवंत उपयोग.

सुतळी, एक्स-रे आणि मुलं

गावकऱ्यांच्या हातून काम करून घ्यायचं म्हणजे ब्रश वाटून बाजूला होणं नव्हे. आधी आराखड्यावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी भिंतीवर. निळीत बुडवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची आणि मधून टिचकी मारायची, सरळ रेघ उमटते. सुतार याला सूत मारणं म्हणतात. मग चौकटीमागून चौकट. अंधार पडल्यावर प्रोजेक्टरने चित्र भिंतीवर पाडून गिरवताही येतं, शाळेत आता बहुधा तो असतोच. एकाच आकाराचे वीस मासे हवे असतील तर पाटीवाल्या पेंटरांची युक्ती: जुन्या एक्स-रेच्या फिल्ममध्ये आकार कापायचा. ती पाण्याने खराब होत नाही, पुसून पुन्हा वापरता येते. छाती दुखल्याची प्रत्येक घरात एखादी तरी फिल्म असते.

फ्लेक्स आल्यापासून या पाटीवाल्या पेंटरांचं काम गेलं. ट्रकच्या मागची अक्षरं, होडीवरचं नाव, दुकानाची पाटी लिहिणारे हात प्रत्येक तालुक्याच्या गावात अजून आहेत. गावाकडे पैसे थोडे असतील तर ते अशा एका माणसाला द्यावेत, दोन दिवसांचे पूर्ण. तो कडा आणि आकडे लिहील. कडा सफाईदार असेल तर आतला रंग मुलांनी भरला हे कुणाला कळतही नाही, आणि कडा कच्ची असेल तर भारी रंगही वाया जातो. मुलांना जमिनीपासून पाच फुटांपर्यंतच भाग द्यावा. वरचा भाग मोठ्यांनी, भक्कम घोडीवर फळी टाकून किंवा बांबूला रोलर बांधून. डुगडुगत्या शिडीवर कॉलेजच्या पोराला चढवून केलेली बचत हिशेबात धरू नये.

प्रत्येक डब्यावर आकडा घालावा, भिंतीवरही प्रत्येक भागात खडूने तोच आकडा. तीस माणसं असली तरी गोंधळ होत नाही. सकाळी अकराच्या आत आणि चारनंतर काम. तापलेल्या भिंतीवर रंग लगेच सुकतो आणि ब्रशचे फराटे दिसतात. स्टेनर घातलेली एकेक छटा एकदाच, एकाच डब्यात, पुरेशी घोटून ठेवावी. दुसऱ्या दिवशी तीच छटा पुन्हा जमत नाही.

दुसऱ्या पावसानंतर

उरणच्या किनाऱ्यावर वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने खारं वारं. इथे कुठलंही चित्र दोन पावसाळ्यांनंतर दुरुस्ती मागणार, रंग कितीही भारी आणा. वर्गणी काढणारे हे सांगत नाहीत आणि नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात तसं कलम नसतं. रंगवायला निधी मिळतो, राखायला मिळत नाही. म्हणून उरलेला रंग घट्ट झाकून, झाकणावर छटेचं नाव आणि दुकानाच्या यंत्राचा क्रमांक लिहून शाळेच्या कपाटात ठेवावा. भिंतीचा एक फोटो पूर्ण झाल्या दिवशी, एक पुढच्या ऑक्टोबरात.

हा अंक हातात पडेल तेव्हा पाऊस संपलेला असेल आणि ऑक्टोबरच्या उन्हाने भिंती सुकत आलेल्या असतील. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत हाच रंगाचा हंगाम. नगरसेवक, सरपंच, मुख्याध्यापक यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक विनंती: यंदा भिंतीचा ठराव कराल तेव्हा त्यातच पुढच्या वर्षाचं एक कलम घाला. दोन लिटर पांढरा, एक लिटर गेरू, स्टेनरच्या दोन बाटल्या आणि एका पेंटरची दोन दिवसांची मजुरी.